चिमणराव ते आबा टिपरे

नटाला अपयशाचे भय असते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु यशाचेही भय असू शकते, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. एखादी भूमिका लोकांच्या मनावर इतकी ठसते की, पुढे त्या नटाने काहीही केले तरी प्रेक्षक त्याच्यात जुन्याच माणसाला शोधीत राहतात. दूरचित्रवाणीच्या नटाला हा धोका अधिक. कारण नाटक पाहावयास आपण नाट्यगृहात जातो, दूरचित्रवाणीवरील माणूस मात्र आपल्या घरी येऊन बसतो व घरचाच होऊन जातो. श्री. दिलीप प्रभावळकर यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

४ ऑगस्ट १९४४ रोजी जन्मलेल्या प्रभावळकरांनी रत्नाकर मतकरी यांच्या ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चेटकीण रंगविली होती. घरोघर त्यांचे नाव झाले ते मात्र मुंबई दूरदर्शनवरील ‘चिमणराव-गुंड्याभाऊ’ या मालिकेमुळे. हे केंद्र १९७२ साली सुरू झाले आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात ही मालिका दाखविली गेली. बडोद्यास पाली भाषेचे अध्यापन करणारे विनोदी लेखक चिं. वि. जोशी यांनी निर्माण केलेला भोळा, भिडस्त चिमणराव प्रभावळकरांनी साकारला आणि बाळ कर्वे त्यांचे गुंड्याभाऊ झाले. ही जोडी मराठी कुटुंबांत इतकी प्रिय झाली की, प्रभावळकरांनी जन्मभर चिमणरावच राहावे, असे लोकांनी खुशाल ठरविले असते!

त्यांनी मात्र वेगळी वाट धरली. स्वतः लिहिलेल्या ‘हसवाफसवी’ या नाटकात त्यांनी एकट्याने सहा भूमिका केल्या. १९९१ च्या ‘चौकट राजा’ चित्रपटात ते शरीराने प्रौढ पण मनाने बालकच राहिलेला नंदू झाले, तर १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये तात्या विंचू नावाचा क्रूर गुंड. नंदूसाठी डोळे पुसणारी मुले तात्या विंचूला भिऊन आईच्या कुशीत शिरली, यातच सारे आले.

२००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका सुरू झाली. प्रभावळकरांच्याच ‘अनुदिनी’ या लेखनावर ती आधारलेली होती. आजोबा, मुलगा, सून, नातू आणि नात एवढेच हे कुटुंब. त्यात कटकारस्थाने नव्हती; होते ते रोजचे रुसवेफुगवे आणि समजुती. वयाची साठीही न गाठलेल्या प्रभावळकरांनी त्यात वृद्ध आबा उभे केले. तरुणांना उपदेशाचे डोस न पाजता त्यांना समजून घेऊ पाहणारे हे आजोबा अनेकांना आपल्याच घरातील वाटले.

२००६ च्या ‘लगे रहो मुन्नाभाई’ या हिंदी चित्रपटात महात्मा गांधींच्या भूमिकेत ते साऱ्या देशापुढे आले. ही भूमिका व ‘शेवरी’ या मराठी चित्रपटातील काम यांसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढे २०२५ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ‘दशावतार’ या चित्रपटात कोकणातील एका वृद्ध लोककलावंताची मध्यवर्ती भूमिका त्यांनी केली.

चेटकीण, गुंड, आजोबा, महात्मा! या साऱ्यांत नट कोठे आहे, असे कोणी विचारील. तो दिसत नाही, हेच त्याचे यश होय. लोकप्रियतेने देऊ केलेले सुरक्षित घर सोडून पुनःपुन्हा नव्याने आरंभ करण्यास धैर्य लागते. प्रभावळकरांनी ते दाखविले, आणि म्हणूनच चिमणरावावर लोभ करणाऱ्या पिढीच्या नातवंडांनाही आपले आबा लाभले.