रिसॉर्टवरचं नेट नेमकं कुठे अडतं?

कोकणातल्या रिसॉर्टांच्या पाट्यांवर 'घरगुती जेवण' आणि 'गरम पाणी' यांच्या जोडीला आता 'मोफत वाय-फाय' असतंच. दापोली-गुहागरपासून तारकर्ली-देवबागपर्यंत कुठेही जा, ही ओळ दिसेल. २०२०च्या टाळेबंदीत घरून काम करायची सवय लागली, तेव्हापासून पाहुणेही बॅगेत लॅपटॉप घेऊनच येतात. सकाळी समुद्र, दुपारी ऑफिसचं काम, संध्याकाळी पुन्हा समुद्र, असा बेत असतो. तो फिसकटला की तक्रार ठरलेली: "वाय-फायच्या दांड्या फुल आहेत, पण नेट चालत नाही."

या तक्रारीतच अर्धं उत्तर आहे. त्या दांड्या फक्त तुमचा लॅपटॉप आणि रिसॉर्टचा राउटर यांच्यामधला सिग्नल दाखवतात. राउटरच्या पुढे गावाबाहेर जाणारी लाइन चालू आहे की बंद, याचा त्यांना पत्ताच नसतो. म्हणून लॅपटॉप उचलावा आणि राउटर जिथे आहे तिथे, बहुधा स्वागतकक्षात, जाऊन बसावं. तिथे नेट धावलं तर दोष तुमच्या खोलीचा. तिथेही अडलं तर लॉगिनचा किंवा लाइनचा. एवढं कळलं की पुढची बरीच धावपळ वाचते.

कोकणात खोलीचा दोष बहुतेक वेळा भिंतीचा असतो. जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत जाड आणि सच्छिद्र असते. पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. पडवीला किंवा छपराला पत्रा असेल तर लहरी त्यावरून परत फिरतात. त्यात आपल्याकडची पुष्कळ रिसॉर्टं घराला जोडून हळूहळू वाढलेली आहेत. पुढे मालकांचं राहतं घर, मागे माडांच्या बागेत कॉटेजेस आणि राउटर मात्र घरातल्या टीव्हीशेजारी! दोन-तीन भिंती आणि अख्खी बाग ओलांडून सिग्नल कॉटेजपर्यंत पोचेल कसा?

वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण १२ सेंटिमीटर लांबीची, ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. लांब लहर भिंतीतून बरी पार होते, आखूड लहर वेग जास्त देते पण लवकर थकते. लॅपटॉपवर एकाच रिसॉर्टची दोन नावं दिसत असतील आणि एकाच्या शेवटी '५जी' असेल, तर लांबच्या कॉटेजमध्ये दुसरं नाव निवडावं. (हे '५जी' म्हणजे मोबाइलचं ५जी नव्हे, केवळ ५ गिगाहर्ट्झ.) राउटरच्या खोलीत असाल तर मात्र '५जी'च घ्या, कारण २.४च्या पट्टीत एकमेकांत न मिसळणारे चॅनल जेमतेम तीन असतात आणि शेजारपाजारचे सगळे राउटर तिथेच गर्दी करतात.

दूरच्या कॉटेजसाठी रिसॉर्टवाले रिपीटर लावतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा प्रक्षेपित करतो, त्यामुळे वेग जवळजवळ अर्ध्यावर येतो. दांड्या वाढतात, नेट वाढत नाही. त्यापेक्षा जमिनीखालून पाइपात केबल टाकून कॉटेजपाशी स्वतंत्र अ‍ॅक्सेस पॉइंट बसवणं कितीतरी चांगलं. साध्या लॅन केबलला १०० मीटरपर्यंत काही अडचण येत नाही आणि बहुतेक बागा तेवढ्यात मावतात. पर्यटनावर पोट असलेल्या प्रत्येक मालकाने हा खर्च एकदा करावा, असं मला मनापासून वाटतं. आणि खोलीत लॅनचं सॉकेट असेलच तर वाय-फायचा नाद सोडून केबल जोडावी. नव्या पातळ लॅपटॉपना ते भोक नसतं, म्हणून यूएसबी-सीचा छोटा अडॅप्टर बॅगेत ठेवावा.

आता लॉगिन. मोठ्या रिसॉर्टवर वाय-फाय जोडलं की मोबाइल नंबर विचारणारं पान येतं आणि ओटीपी मागतं. यामागे इतिहास आहे. जुलै २००८मध्ये अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी धमकीचा ईमेल गेला, तो नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वाय-फायवरून पाठवल्याचं तपासात निघालं. त्यानंतर २००९मध्ये दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख नोंदवण्याचे निर्देश दिले. तेव्हा ओटीपीबद्दल काउंटरवरच्या मुलावर चिडण्यात अर्थ नाही. अमेरिकेहून आलेल्या आत्या-मामांचा परदेशी नंबर ते पान बऱ्याचदा स्वीकारत नाही. अशा वेळी थेट काउंटरवर पाहुण्यांसाठीचं वेगळं कूपन मागावं.

कधीकधी हे पान लॅपटॉपवर उघडतच नाही. ब्राउझर सुरक्षित जोडणीवर अडून बसतो आणि मधे घुसून पान बदलू पाहणाऱ्या राउटरला थोपवतो. त्याचं काम तो चोख करत असतो, पण आपण बाहेर राहतो. मग पत्त्याच्या जागी 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' टाइप करावं. हे पान मुद्दाम विनासुरक्षा ठेवलेलं आहे, त्यामुळे राउटरला वाट मिळते आणि लॉगिन समोर येतं. व्हीपीएन चालू असेल तर लॉगिन होईपर्यंत बंद ठेवावं. रोज नव्याने लॉगिन मागितलं जात असेल, तर लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंगमधला बदलता हार्डवेअर पत्ता तेवढ्या नेटवर्कपुरता बंद करून पाहावा. राउटर पाहुण्याला त्याच पत्त्यावरून ओळखतो.

तिसरा टप्पा बाहेरच्या लाइनचा, आणि तो ना पाहुण्याच्या हातात, ना पुष्कळदा मालकाच्या. गावात येणारी फायबर बऱ्याच ठिकाणी खांबांवरूनच लोंबत येते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दापोलीच्या पट्ट्यावर आदळलं, तेव्हा विजेचे खांब, तारा आणि मोबाइल टॉवर एकदमच गेले. गावंच्या गावं कित्येक दिवस जगापासून तुटली होती. एरवीच्या दिवसांतही वीज गेली की राउटर जातो, कारण पंखे-दिवे इन्व्हर्टरवर घेताना राउटर जोडायचा राहून गेलेला असतो.

लाइन चालू असली तरी रात्री नऊला सगळी कॉटेजेस मालिका आणि क्रिकेट बघत असतात. स्पीड टेस्ट करताना लोक फक्त डाउनलोड बघतात. बैठकीत तुमचा चेहरा आणि आवाज जातो तो अपलोडवरून. दोन्ही बाजूंनी २-३ एमबीपीएस स्थिर मिळत असेल तर व्हिडिओ बैठक नीट होते. तेवढं नसेल तर कॅमेरा बंद करा. आवाजाला फार थोडं लागतं.

शेवटचा आधार मोबाइलचा हॉटस्पॉट. फोन लॅपटॉपशेजारी ठेवायचा मोह होतो, पण त्याची जागा खिडकीत, टॉवरच्या दिशेला. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतीतूनही बऱ्या येतात, तरी डोंगर आडवा आला की त्यांचंही चालत नाही. खलाटीतल्या गावात घरात रेंज शून्य आणि वरच्या सड्यावर भरपूर, असं दिसतं ते यामुळेच. खिडकी जवळ असेल तर फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करावं. चार्जिंगही होतं आणि वाय-फायची गर्दीही टळते. व्हिडिओ बैठक तासाला साधारण एक जीबी खाते, म्हणून विंडोजमध्ये ही जोडणी 'मीटर्ड' करून ठेवावी. नाहीतर अपडेटच सगळा डेटा पिऊन टाकतात.

अनोळखी वाय-फायवर लॅपटॉपला 'पब्लिक' नेटवर्क सांगायचं आणि नेटवर्कचं अचूक नाव काउंटरवर विचारून घ्यायचं. सारख्याच नावाचं खोटं नेटवर्क उभं करणं अगदी सोपं असतं. पैशांचे व्यवहार मोबाइल डेटावरच करावेत.

बुकिंगच्या फोनवर "वाय-फाय आहे का?" असं विचारलं की उत्तर "आहे" असंच येतं. त्याऐवजी विचारा: लाइन फायबरची आहे की सिमवर चालणाऱ्या राउटरची? राउटर इन्व्हर्टरवर आहे का? मागच्या कॉटेजमध्ये कुठल्या कंपनीची रेंज येते? आणि रात्री नऊला त्याच कॉटेजमध्ये स्पीड टेस्ट करून व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवाल का? तुमचं सिम तिथे चालत नाही असं कळलं तर चालणारं सिम निघण्याआधीच शहरात घेऊन सुरू करून ठेवा, कारण ओळखपडताळणी होऊन नवं सिम चालू व्हायला वेळ लागतो.