विहारातील कपाट आणि गावातील मूल

२० जुलै १९२४ रोजी मुंबईत स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांच्या जोडीला वाचनालये आणि अभ्यासमंडळे यांचाही उल्लेख आहे. वसतिगृहांचा वारसा आपल्यासारख्या निवासी शाळांनी पुढे चालविला. वाचनालयांचा वारसा आज बहुतांशी खेड्यापाड्यांतील विनावेतन कार्यकर्त्यांच्या हाती आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा अधिनियम १९६७ साली झाला. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. विहारातील वा समाजमंदिरातील एका कपाटाचे वाचनालय सहसा या चौकटीबाहेरच राहते. ते चालते ते गावी राहिलेल्या एखाद्या पदवीधर मुलीच्या किंवा निवृत्त गुरुजींच्या सायंकाळच्या दोन तासांवर.

अशा वाचनालयाचे यश ग्रंथसंख्येवर मोजू नये. देणगीत बहुधा जुनी मार्गदर्शके, स्पर्धापरीक्षांची पुस्तके आणि जाडजूड चरित्रे येतात. शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काचेआड हार घालून ठेवलेले अनेक ठिकाणी दिसतात. त्यांमागील आदर मी जाणतो. पण तिसरीतल्या मुलाला त्या कपाटात हात घालण्याचे धैर्य होत नाही. त्याला हवे असते सोळा-वीस पानांचे, मोठ्या अक्षरांचे, एका बैठकीत संपणारे सचित्र पुस्तक. नॅशनल बुक ट्रस्ट, ज्योत्स्ना प्रकाशन, प्रथम बुक्स यांची अशी मराठी पुस्तके बेताच्या किमतीत मिळतात. ती उभी न रचता मुखपृष्ठ दिसेल अशी दोरीवर किंवा सतरंजीवर मांडावी. अक्षरओळख कच्ची असलेले मूल चित्रावरूनच पुस्तक निवडते. आठवड्यातून एकदा कार्यकर्त्याने मोठ्याने वाचून दाखवावे. ज्या घरात वाचणारे कोणी नाही, तेथील मुलाच्या कानावर ग्रंथभाषा प्रथम अशीच पडते. पुस्तक घरी न्यावयास मिळाले पाहिजे. फाटलेले पान खळीने चिकटविता येते. दंडाच्या धाकाने दुरावलेले मूल परत येत नाही.

इतिहासात याला एक उत्तम दाखला आहे. बाबासाहेबांना १९१३ साली अमेरिकेतील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देणाऱ्या सयाजीराव महाराजांनीच विल्यम बोर्डन या अमेरिकन तज्ज्ञास १९१० मध्ये बडोद्यास आणून ग्रंथालयांचे जाळे उभारले. तेथून लाकडी पेट्यांतून पुस्तके गावोगाव फिरत असत. आजही जवळच्या चार-पाच गावांनी आपापल्या पेट्यांची दर दोन महिन्यांनी अदलाबदल केली, तर शंभर पुस्तकांत चारशे-पाचशे पुस्तकांचे काम होते.

सर्वांत अवघड प्रश्न जागेचा. वाचनालय विहारात असले की पलीकडच्या आळीतील पालक मुलांना पाठवीत नाहीत; ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले तर किल्ली कोणाकडे राहील यावर अडते आणि आपल्याच वस्तीतील मुले उंबऱ्याशी घुटमळतात. सायंकाळ उशिराची झाली की मुली घरी राहतात. म्हणून काही कार्यकर्ते पेटी जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर, शाळा सुटताच, दिवस मावळण्यापूर्वी उघडतात. माझ्या मते हीच व्यवस्था अधिक बरी. कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींना भीमराव हा विद्यार्थी चर्नी रोडच्या बागेत, मोकळ्या जागी वाचताना दिसला. पुढे १९०७ साली त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. एका वाचकाकडे एका जाणत्याचे लक्ष जावे, एवढी तरी सोय गावात हवी.

आपल्या शाळेतील मुले दिवाळीत आणि उन्हाळ्यात गावी जातात, तेव्हा अनेकांच्या घरी पाठ्यपुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नसते. सुटीला निघताना आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याकडे शाळेच्या ग्रंथालयातून दहा बालपुस्तके आणि एक नोंदवही द्यावी. धाकट्या भावंडांना व शेजारच्या मुलांना ती वाचून दाखवावीत, कोणी काय नेले ते लिहावे आणि जूनमध्ये वही परत आणावी. कोणती पुस्तके पुन्हापुन्हा मागितली गेली, हे त्या वह्यांवरून पुढील खरेदीच्या वेळी कळेल.