हृदयाला ठिगळ लावता येईल का?

वडूजच्या एका शाळेत मुलांसमोर आम्ही बकऱ्याचे हृदय उघडून दाखवत होतो. मटणाच्या दुकानातून सकाळीच आणलेले. डाव्या जवनिकेची भिंत उजवीपेक्षा किती जाड असते, ते पट्टीने मोजायचे, एवढाच बेत होता. तेवढ्यात एका मुलीने विचारले, "गुडघा फुटला की खपली धरते, खाली नवी कातडी येते. माझ्या बाबांना झटका आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, हृदयाचा थोडा भाग मेला. तो परत का येत नाही?"

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर मिळवायला शास्त्रज्ञांना अणुबॉम्बच्या चाचण्यांचा आधार घ्यावा लागला. १९६३ पर्यंत हवेत झालेल्या चाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४ वाढला, नंतर तो कमी होत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या कार्बनची खूण तिच्या डीएनएत राहते. ही खूण वाचून स्वीडनमधील संशोधकांनी २००९ साली दाखवले की पंचविशीत वर्षाला हृदयस्नायूच्या जेमतेम १ टक्का पेशी नव्या होतात, आणि पंचाहत्तरीला त्याच्याही निम्म्याने. मोठ्या झटक्यात मात्र सुमारे १०० कोटी पेशी मरू शकतात. तेथे व्रण तयार होतो. व्रण भोक बुजवतो, पण आकुंचन पावत नाही.

मग नव्या पेशी बाहेर तयार केल्या तर? त्यासाठी मूलपेशी हव्यात, म्हणजे ज्यांनी अजून कोणतेही काम पत्करलेले नाही अशा. मुंबईत परळच्या प्रजनन आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्थेत डॉ. दीपा भरतिया यांच्या गटाने मानवी भ्रूणांपासून 'काइंड-१' आणि 'काइंड-२' हे मूलपेशींचे दोन वाण तयार केले. ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे २०१३ मध्ये त्यांनी 'काइंड-२'पासून अशा पूर्वज पेशी मिळवल्या की ज्यांच्यातून हृदयस्नायू, रक्तवाहिन्यांचे स्नायू आणि त्यांचे आतील अस्तर, तिन्ही घडू शकतात. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या, तर २००७ मध्ये माणसाच्या त्वचेच्या पेशींना उलट्या वाटेने मूलपेशीसारखे केले. त्यामुळे भ्रूणावाचूनही मार्ग खुला झाला.

गर्भात जे रासायनिक संकेत ज्या क्रमाने मिळतात, ते बशीतल्या मूलपेशींना त्याच क्रमाने द्यायचे. दीड-दोन आठवड्यांत त्या बशीत धडधडू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहताना भलेभले काम विसरतात म्हणे!

पण धडधडणे म्हणजे हृदय नव्हे. या पेशी अर्भकाच्या पेशींसारख्या अपक्व असतात. हृदयात सोडल्या तर बहुतेक वाहून जातात किंवा मरतात, आणि ज्या टिकतात त्यांचा ताल यजमानाशी जुळला नाही तर ठोके अनियमित होतात. दुसरी अडचण जाडीची. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशांपलीकडे पेशीला प्राणवायू पोचत नाही, आणि माणसाच्या डाव्या जवनिकेची भिंत सुमारे १ सेंटीमीटर जाड! म्हणून सुट्या पेशींऐवजी कोलॅजेन या प्रथिनात पेशी रुजवून पातळ ठिगळे विणली जातात. जर्मनीतील ग्योटिंगेनच्या गटाने २०२५ मध्ये माकडांवरील निष्कर्षांबरोबर ४६ वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीची हकिगतही प्रसिद्ध केली. तिच्या हृदयावर सुमारे ४० कोटी पेशींची १० ठिगळे बसवली होती. तीन महिन्यांनी तिला दात्याचे हृदय मिळाले. काढलेले जुने हृदय तपासले, तेव्हा ठिगळे जिवंत होती आणि त्यांत रक्तवाहिन्या शिरल्या होत्या.

ठिगळ परक्या पेशींचे असल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावीच लागतात. चाचण्या अजून चालू आहेत. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हृदयविकारावर मूलपेशी देणे हा मान्य उपचार नाही, फक्त परवानगी घेतलेल्या चाचणीतच ते करता येते, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. मुलीच्या घरी अशाच एका उपचाराची जाहिरात कापून ठेवलेली होती, आणि त्यासाठी रान विकायचे घाटत होते. दुसऱ्या दिवशी आम्ही तिच्या बाबांना भेटायला गेलो.