नैराश्याची गोळी मध्येच का सोडू नये?

अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्प राबवला गेला आणि नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. पण उपचार सुरू करण्याइतकेच ते टिकवणेही महत्त्वाचे.

गुण कधी येतो?
नैराश्य व चिंताविकारावर अनेकदा एस्सिटालोप्राम दिली जाते. फरक जाणवायला २ ते ४ आठवडे लागतात. मळमळ, डोकेदुखी, घाम, झोपेत बदल हे त्रास मात्र आधी सुरू होतात आणि बहुधा आपोआप ओसरतात. लैंगिक इच्छा कमी झाल्यास संकोच न करता डॉक्टरांना सांगावे.

सवय लागते का?
नशेसारखी चटक लागत नाही. पण गोळी एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, झिणझिण्या येऊ शकतात. बरे वाटल्यावरही ती साधारण ६ महिने चालू ठेवून, मग डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात.

सावधगिरी
पंचविशीच्या आतील रुग्णांत सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. घरच्यांनी लक्ष ठेवावे. ट्रॅमाडोलसारखी वेदनाशामके विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

अमरावती असो वा अकोला, ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर २४ तास मोफत बोलता येते.