पाचामुखी परमेश्वर?

विमान आकाशात असताना त्याच्या संगणकातला प्रोग्रॅम चुकला तर? यावरचा एक उपाय कुणालाही चटकन पटेल. एकाच कामाचे तीन प्रोग्रॅम तीन वेगळ्या गटांकडून लिहून घ्यायचे. गटांनी एकमेकांशी बोलायचं नाही. मग तिन्ही एकदम चालवायचे आणि बहुमताचं उत्तर खरं मानायचं. पाचामुखी परमेश्वर! प्रत्येक प्रोग्रॅम हजारात एकदा चुकत असेल, तर ठरावीक दोन एकाच वेळी चुकण्याची शक्यता हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखांत एक.

अल्गिर्दास अविझिएनिस हे या पद्धतीचे मोठे पुरस्कर्ते. तिच्यावरचा त्यांचा निबंध डिसेंबर १९८५ मध्ये 'आयट्रिपलई ट्रान्झॅक्शन्स ऑन सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग'मध्ये आला. १९७५ पासून निघणाऱ्या या शोधनियतकालिकात आलेला निबंध त्याच विषयातले जाणकार तपासतात, शंका काढतात, दुरुस्त्या मागतात. त्यातून तरला तरच तो छापला जातो.

आणि लगेच पुढच्याच महिन्यात, त्याच नियतकालिकात जॉन नाइट आणि नॅन्सी लेव्हसन यांनी त्या गुणाकाराच्या मुळालाच हात घातला. वेगवेगळ्या माणसांच्या चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतात, हे कशावरून?

त्यांनी अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांकडून एकाच कामाचे २७ प्रोग्रॅम लिहून घेतले. रडारवरच्या बिंदूंवरून शत्रूचं क्षेपणास्त्र अडवायचं की नाही, हे प्रोग्रॅमने ठरवायचं होतं. प्रत्येकाच्या दहा लाख चाचण्या झाल्या. सहा प्रोग्रॅम एकदाही चुकले नाहीत. बाकीच्यांचीही ९९ टक्क्यांहून जास्त उत्तरं बरोबर. पण १,२५५ चाचण्यांत एकाहून अधिक प्रोग्रॅम एकाच वेळी घसरले, कधी कधी तर आठ! चुका खरोखर स्वतंत्र असत्या, तर असं इतक्या वेळा घडलंच नसतं.

का घडलं? एक कारण फार गमतीचं आहे. दोन कोनांतला मोठा कोणता हे ठरवताना काहींनी कोनांऐवजी त्यांच्या कोसाइनची तुलना केली. कागदावर दोन्हींतून निष्कर्ष एकच निघतो. संगणक मात्र आकडे ठरावीक अंकांपर्यंतच धरून ठेवतो, त्यामुळे अगदी जवळच्या कोनांत उत्तर फिरतं. इतकंच नव्हे, तर वेगवेगळ्या जागी केलेल्या वेगवेगळ्या चुकाही त्याच अवघड चाचण्यांत उघड्या पडल्या. घाटात वळण अवघड असलं की अनोळखी ड्रायव्हरही तिथेच चुकतात, तसं.

या निष्कर्षांवर टीका झाली, नाइट आणि लेव्हसन यांनी तिला छापील उत्तरही दिलं. वेगळ्या गटांचं सॉफ्टवेअर वापरणं काही बंद झालं नाही. एअरबस ए३२० च्या उड्डाण-नियंत्रणात ते आहेच. वेगळेपणाचा फायदा होतो, फक्त किती होतो हे नुसत्या गुणाकाराने सांगता येत नाही. 'दहा लाखांत एक' म्हणणाऱ्याने आता त्या चुकांचं एकमेकींशी नातं नाही, हेही दाखवून द्यावं लागतं.