पहिलेच काडतूस

आमच्या घरात झुरळ निघाले तर त्याचा निकाल लावण्याचे काम सौभाग्यवतींचे. मी त्या वेळी खुर्चीवर उभा असतो. तेव्हा मी टर्कीच्या शिकारीला जाणार हे ऐकून तिच्या तव्यावरची पोळी करपली, ह्यात नवल नाही.

"अहो, तुम्ही? आणि बंदूक घेऊन?"

सारा दोष शेजारच्या म्हातारबुवांचा. अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात आम्ही घर केले त्याला बरीच वर्षे झाली, आणि पहिल्या दिवसापासून हा शेजार आम्हांला लाभला आहे. म्हातारबुवांचे वय 72. चाळीस वर्षे न चुकता दर वसंतात ते टर्कीच्या मागे रानात जात आले. पण हिवाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बजावले, "शिकारीला खुशाल जा, पण ती जुनी पंपाची बंदूक पुन्हा खांद्याला लावाल, तर खांदा गमावून बसाल." ती बंदूक त्यांना वडिलांनी दिलेली! एके संध्याकाळी कुंपणाशी येऊन ते म्हणाले, "ऑटोमॅटिक घ्यावी म्हणतो. दुकानात माझ्याबरोबर याल का? एकटा गेलो तर रिकाम्या हाताने परत येईन."

मी गेलो, आणि स्वतःच अडकलो. सरकारी शिकार-शिक्षणाचा वर्ग पुरा केला, परवाना काढला, आणि त्यांची जुनी पंपाची बंदूक त्या हंगामापुरती माझ्या हाती आली.

टर्की हा मूळचा अमेरिकेचाच पक्षी. तुर्कस्थानाशी त्याचे नाते नावापुरते. पोर्तुगीज भाषेत तर त्याला 'पेरू' म्हणतात! 1612 च्या सुमारास गोव्याहून एक टर्की जहांगीर बादशहाच्या दरबारी गेली. चित्रकार मन्सूर ह्याने काढलेले तिचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. ते चित्र दाखवल्यावर सौभाग्यवती म्हणाली, "इतका देखणा पक्षी मारायचा कशाला?"

प्रश्न रास्त होता. भारतात 1972 च्या कायद्यानंतर शिकार ही पुस्तकात वाचायची गोष्ट झाली. इथली कथा वेगळी. जंगलतोड आणि बेसुमार शिकार ह्यांमुळे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जंगली टर्की नामशेष व्हायच्या वाटेवर होती. 1937 साली कायदा झाला आणि शिकारीच्या बंदुका व काडतुसे ह्यांवरील कर वन्य प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवण्यात आला. आज हा कर 11 टक्के आहे. मिसुरीत 1954 पासून जंगली टर्क्या पकडून नव्या रानांत सोडल्या गेल्या, आणि 1960 साली इथे पुन्हा शिकारीचा छोटासा हंगाम खुला झाला. वसंतात मारायचा तो नर, किंवा छातीवर दाढीसारखा केसांचा झुपका असलेलाच पक्षी. हे ऐकून तिचे समाधान झाले नाही. पण पोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

आता दुकानातली गोष्ट. दोन्ही बंदुका बारा बोअरच्या, दोन्ही छर्‍यांच्या. फरक एवढाच की, एक बार झाल्यावर पुढचे काडतूस नळीत कोणी आणायचे? पंपाच्या बंदुकीत ते काम आपल्या डाव्या हाताचे. नळीखालची मूठ मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते, पुढे ढकलली की नवे आत बसते. रेमिंग्टन 870 ह्या जातीची; 1950 पासून तिचे लाखो नग खपले. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये हेच काम बाराच्या जोरावर होते. जॉन ब्राउनिंगने 1900 साली अशा बंदुकीचे पेटंट घेतले, तिची नळीच धक्क्याने मागे सरकत असे. पुढे नळीतला थोडा वायू बाजूला काढून त्याने दट्ट्या ढकलायची युक्ती रूढ झाली. चाप मात्र दर बाराला पुन्हा दाबावाच लागतो.

ह्या युक्तीचा लाभ खांद्याला होतो. धक्का नाहीसा होत नाही, पण तो एकदम न बसता थोडा लांबवला जातो. ठोसा आणि ढकलणे ह्यांत जो फरक, तोच.

विक्रेता मात्र खांद्याविषयी बोलेना. "दुसरा बार किती झटपट जातो पाहा!" हेच त्याचे पालुपद. म्हातारबुवांनी निमूटपणे पैसे मोजले. पंपाच्या दुपटीहून अधिक लागले.

नंतरच्या रविवारी आम्ही नेमबाजीच्या मैदानावर गेलो. टर्कीच्या अंगावर नेम धरत नाहीत. डोके आणि मान एवढेच लक्ष्य. म्हणून 40 वारांवर कागद लावायचा आणि 10 इंच व्यासाच्या वर्तुळात किती छर्रे लागले ते मोजायचे. तीन इंची काडतुसात पावणेदोन औंस छर्रे भरलेले! माझ्या पहिल्या बाराला डोळ्यांपुढे काजवे चमकले. दुसर्‍या वेळी घाईत मूठ पुरती मागे आलीच नाही आणि नवे काडतूस आत शिरले नाही. "पंपाची खोड हीच," म्हातारबुवा हसले, "माणूस घाबरला की तीही अर्ध्यावर थांबते." ते स्वतः तीन बार काढून खांदा चोळीत उठले, पण चेहर्‍यावर वेदना नव्हती. सौभाग्यवतीने रात्री माझ्या खांद्याला हळद-तेल लावले.

एप्रिलच्या अखेरच्या शनिवारी पहाटे साडेचारला आम्ही निघालो. मोटारीच्या दिव्यात म्हातारबुवांनी मला नखशिखान्त न्याहाळले आणि माझ्या गळ्याशी बोट ठेवले. आत पांढरा बनियन डोकावत होता. "काढा तो. नराचे डोके तांबडे, पांढरे, निळे असते. ह्या तीन रंगांचा रुमालसुद्धा रानात नको. दुसर्‍या शिकार्‍याने चुकून झाडलेला बार, हाच ह्या शिकारीतला मोठा धोका." त्या थंडीत मी मुकाट्याने बनियन काढला.

ओकच्या बुंध्याला पाठ टेकून आम्ही शेजारी शेजारी बसलो. टर्की रात्री झाडावर झोपते. अंधारात तिला फारसे दिसत नाही, पण उजाडले की तिच्या नजरेतून पापणीही सुटत नाही. मी काडतूस घालून मूठ हलकेच पुढे सारली. ती जागी बसल्याचे हातालाच कळले. म्हातारबुवांनीही, आवाज नको म्हणून, नव्या बंदुकीचा बोल्ट बोटांनी धरून हळूहळू पुढे सोडला.

तांबडे फुटले आणि डोंगरउतारावरून आरोळी उठली. म्हातारबुवांनी लाकडी डबीवर पट्टी घासून मादीचा आवाज काढला. पलीकडून उत्तर आले. वीस मिनिटांनी पिसारा फुलवीत, पंख जमिनीला घासत नर समोर आला. 25 वारांवर तो थांबला, त्याने मान उंचावली, आणि म्हातारबुवांनी चाप दाबला.

खट्!

नुसते खट्. बार झालाच नाही. 'पट्, पट्' असा इशारा देत पक्षी झुडपांत पळाला. माझी बंदूक खांद्याला होती, सेफ्टी सरकली होती, आत तीन काडतुसे होती. इथे तीनपेक्षा जास्त मावणारी बंदूक टर्कीसाठी चालतच नाही. पण तीनही मला त्या क्षणी पुष्कळ वाटली. झुडपात काही पांढरे हलले. तेच डोके! बोट चापावर गेले.

"पांढरं काय आहे ते दिसलं का?" म्हातारबुवा कानाशी पुटपुटले.

मी बोट काढून घेतले. जवळ जाऊन पाहिले तर डॉगवुडची फांदी होती. मिसुरीचा हा राजवृक्ष ह्याच दिवसांत पांढरा फुलतो. मी फुलांवर नेम धरला होता. त्या फांदीच्या जागी एखाद्याच्या गळ्याशी डोकावणारा बनियन असता तर? माझे पाय लटपटू लागले आणि मी तिथेच खाली बसलो.

'खट्'चे कारण साधे होते. सेमी-ऑटोमॅटिकचा बोल्ट स्प्रिंगच्या पुर्‍या जोराने बंद व्हावा लागतो. हळू सोडला तर तो कुलपासारखा बसत नाही आणि काडतूस उडत नाही. चाळीस वर्षांची पंपाची सवय त्यांना नडली.

पुढल्या शनिवारी आम्ही अर्धा तास आधी गेलो. गडद अंधार असताना म्हातारबुवांनी बोल्ट खुशाल खाडकन सोडला, वर तळव्याने दाबून खात्री केली, आणि मग शांत बसून राहिले. सकाळी 30 वारांवर एकच बार झाला. 20 पौंडांचा नर! खांदा शाबूत होता. घरी जाताना ते म्हणाले, "वडिलांची बंदूक तुमच्याकडेच राहू द्या. ती रानात गेली की मला बरं वाटेल."

तेव्हा वाचकहो, पंप की ऑटोमॅटिक, असा प्रश्न इथल्या आपल्या एखाद्या भाच्या-पुतण्याला पडलाच, तर माझा सल्ला असा. खांदा दुखरा असेल आणि पैसे असतील तर ऑटोमॅटिक घ्यावी, मात्र तिचा बोल्ट आवाजाला न भिता बंद करायला शिकावे. खांदा धड असेल तर पंप स्वस्त, साधी आणि अंधारात गुपचूप भरता येणारी. मात्र मूठ पुरती ओढायची सवय हाताला लावावी. पण दुसरा बार झटपट जातो म्हणून कोणतीच घेऊ नये. टर्कीसाठी पहिलेच काडतूस खरे. मागची दोन माणसाला उतावळे करतात.

म्हातारबुवांनी निम्मा पक्षी आमच्याकडे पाठवला. तंगडी चिवट निघाली, पण सौभाग्यवतीने सुक्या खोबर्‍याचा झणझणीत रस्सा केला आणि म्हातारबुवा नाक पुसत पुसत तीन वाट्या जेवले. त्यांच्या देखत तिने विचारले, "आणि तुम्ही काय मारलंत?"

"काही नाही," मी म्हणालो.

म्हातारबुवांनी मान वर केली आणि म्हणाले, "वहिनी, ह्यांनी त्या दिवशी फारच चांगली शिकार केली."