कळलावी : नावे व लागवड

कोरड्या पठारी प्रदेशातील उन्हाच्या बागेसाठी देशी व बहुवर्षायू फुलझाडे निवडावयाची झाल्यास केवळ मराठी नावावर विसंबून चालत नाही. सदाफुली हे नाव अस्सल मराठी वळणाचे. वनस्पती मात्र मूळची मादागास्करची. शंखपुष्पी या एकाच नावाखाली तर निदान तीन निरनिराळ्या वनस्पती दाखविल्या जातात. तथापि, ज्यांत लागवडीस उपयोगी असे निरीक्षण साठविलेले आहे अशीही काही नावे आहेत. कळलावीची नावे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

‘कळ लावणे’ म्हणजे भांडण लावणे. ही फुले घरात आणल्यास कलह होतो, ही समजूत याच अर्थावर उभी आहे. परंतु ‘कळ’ म्हणजे वेदनाही, विशेषतः प्रसूतीची. आणि भावप्रकाशात या वेलीला ‘गर्भनुत्’ असेही म्हटले आहे. संस्कृतात ‘कलिकारी’ हा पर्याय असल्यामुळे मला पहिला अर्थ अधिक संभवनीय वाटतो. दुसरा सर्वस्वी टाकून देता येईल असे मात्र नाही. ‘अग्निशिखा’ हे नाव प्रथम पिवळसर असून पुढे लालभडक होणाऱ्या पाकळ्यांचे. बागाइताच्या कामाची नावे ‘लांगली’ आणि ‘हलिनी’ ही होत. दोन्ही नांगरवाचक असून जमिनीखालच्या वाकड्या, दुफाट्या कंदाला ती नेमकी लागू पडतात.

या वेलीचे बहुवर्षायुत्व सारे त्या कंदात आहे. पावसाळा सरल्यावर वेल पिवळी पडून वाळते व उन्हाळाभर जमिनीवर तिचा मागमूस राहत नाही. जुना कंद दरवर्षी झिजून जातो, पण तत्पूर्वी नवा तयार झालेला असतो. अवर्षण सोसण्याची तिची रीत ही अशी, म्हणजे त्या काळात दृष्टीआड होण्याची. वेल मेली असे समजून पाणी घालणारा माळी सुप्त कंद कुजवितो, आणि जागा मोकळी झाली असे समजून खणणारा तो तोडतो. दुसरी हानी अधिक मोठी. कारण कोंब कंदाच्या टोकाशी असतो, व टोक मोडले की तो भाग सहसा उगवत नाही.

म्हणून कंद मेअखेरीस, सुमारे दोन इंच खोल, आडवा ठेवून लावावा. काळ्या चिकण जमिनीत पाणी साचते. तेथे वाळू किंवा बारीक मुरूम मिसळणे अवश्य आहे. पानांची टोके प्रतानांसारखी वळून आधार धरतात, तेव्हा शेजारी काटेरी कोरांटीचे कुंपण असल्यास वेगळा मांडव लागत नाही. कोरांटीही येथलीच व उन्हाला सरावलेली. वेल वाळू लागताच पाणी बंद करावे आणि जागेवर खुंटी ठोकून ठेवावी.

कळलावीचे सर्व भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी आहेत. त्यांत कोल्चिसीन असते. लहान मुले वावरतात तेथे ती लावू नये. काही ठिकाणी हिलाच बचनाग म्हणतात. परंतु वैद्यकातील बचनाग, म्हणजे वत्सनाभ, ही हिमालयातील अगदी निराळी व तितकीच घातक वनस्पती आहे. कंद मागविताना बोलीनाम पुरेसे मानू नये. शास्त्रीय नाव ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ असे लिहून द्यावे.